पाठीमागून मारलेली हाक

सांगलीहून येऊन महिना होत आला, तरी पाणवठ्यावर गेलं की बायका अजून विचारतात, "काय काय बघितलंस गं?" आमच्या आळीतल्या बायकांना सातारासुद्धा लांब. बाळंतपण अडलं किंवा कोर्टाची तारीख लागली, तरच मेढ्याच्या स्टँडवरून पुढं जायचं. त्यामुळं मी म्हणजे जणू विलायत करून आले. एकीला सांगितलं, दुसरीला सांगितलं, तिसरी आली तेव्हा म्हटलं, आता लिहूनच काढते. मी बालवाडी घेते, लिहायला काही घाबरत नाही.

एक आधीच सांगून ठेवते. आमच्या ह्यांचं नाव यात कुठं सापडायचं नाही. आमच्याकडं बायको नवऱ्याचं नाव घेत नाही, तोंडानं नाही आणि शाईनंही नाही. लग्नात उखाण्यात घेतलं असेल तेवढंच, आणि उखाण्यातलं नाव म्हणजे पदराआडून घेतलेलं नाव, ते काही खरं नव्हे. तेव्हा 'हे' म्हटलं की समजून घ्यायचं.

मेढ्याहून निघताना

हे तोफखान्यात होते. एकाहत्तरच्या लढाईत पंजाबच्या सरहद्दीवर होते आणि लढाई संपल्यावर काही महिन्यांनी कायमचे घरी आले. हातपाय धड, अंगावर ओरखडा नाही. सासूबाईंनी भाकरतुकडा ओवाळून टाकला, पोरांनी हलगी वाजवली. हलगी कडकडत होती आणि हे एकेकाच्या तोंडाकडं टकामका बघत होते. ते मी दारातून पाहिलं. आठवडाभरात खात्री पटली. तोफांनी यांचे कान नेले होते.

पण माणूस लय हुशार! समोरचा काय बोलतो ते ओठांवरून ओळखतात, आणि असं चटकन उत्तर देतात की गावातल्या निम्म्या लोकांना अजून पत्ता नाही. फक्त मिशांपुढं यांचं काही चालत नाही. ओठांवर मिशा आल्या की एक अक्षर कळत नाही, आणि आमच्या जावळीत बिनमिशीचा बाप्या कंदील घेऊन शोधावा लागेल. असा कोणी बोलायला लागला की हे नुसतं "व्हय, व्हय" करतात. अशा एका 'व्हय'पायी आमचा बैल शेजाऱ्यानं ऐन पेरणीत नांगराला नेला होता. मी भांडून परत आणला.

हे नोकरीत असताना वर्षातून एकदा सुट्टीवर यायचे. दिवसा घरात माणसांचा राबता, सासूसासऱ्यांसमोर एक शब्द बोलायची सोय नाही. दिवा मालवला की आमचं बोलणं सुरू व्हायचं. त्या बोलण्यावर मी पुढचं अख्खं वर्ष काढायची. माझ्या बांगड्या वाजल्या की हे अंगणातूनच म्हणायचे, "आली गं बया!" आता माणूस कायमचा घरात आहे, पण दिवा मालवला की ओठ दिसत नाहीत आणि आमचं बोलणं बंद होतं. सुट्टीवर येणाऱ्याची वाट बघता येते हो. शेजारी निजलेल्याची वाट कशी बघायची? म्हणून मी दिवा जळता ठेवते आणि रॉकेल संपतं म्हणून सासूबाई मला बोलतात.

यांनी अपंगत्वाच्या पेन्शनीचा अर्ज केला, त्याला चार पावसाळे गेले. दर वेळी उत्तर एकच. नोकरीतून सुटताना तपासणी झाली, तेव्हा यांनीच 'काही तक्रार नाही' असं सांगितलंय, आता कशाची पेन्शन? पैशाची गरज आहेच, नाही कशाला म्हणू. पण अर्ज मंजूर झाला की कानाचं यंत्र मिळतं असं कोणीतरी सांगितलं होतं, आणि माझा सगळा जीव त्या यंत्रात. मी यांना किती वेळा विचारलं, "आवं, तवा का नाही सांगितलंत?" हे भिंतीकडं तोंड करायचे. यांच्याशी भांडण करायची सोयच नाही, तोंड फिरवलं की भांडण मिटलं.

माघ सरत आला होता. साताऱ्याच्या सैनिक कचेरीतून निरोप आला की या शुक्रवारी लष्करातले डॉक्टर तपासणीला येणार आहेत, त्याआधी भेटा. हे म्हणाले, "मी एकटा जातो." मी म्हटलं, "आणि मिशीवाला भेटला म्हंजी?" हे उठले आणि खुंटीवरची माझीही पिशवी काढून दिली.

सातारा

मेढ्याहून गाडी वेण्णा नदीच्या कडेकडेनं उतरते. पळस फुलले होते, नाचणीची शिवारं रिकामी पडली होती. गाडीत हे खिडकीशी बसतात आणि बाहेर बघून हसतात. पाण्याचा आवाज यांना आठवतो की काय, कोण जाणे. मी विचारलं नाही.

कचेरीच्या व्हरांड्यात माजी सैनिकांची रांग बसली होती. कोणी न सांगता एका ओळीत, बुटांना पॉलिश, टोपी मांडीवर. बर्फात बोटं गेलेला एक, सारखा खोकणारा एक, आणि एक म्हातारा एकाहत्तरच्याही आधीच्या लढाईतला. तो मला म्हणाला, "पोरी, मी पयल्यांदा आलो तवा ह्या पिंपळाला पार नव्हता." आणि खो खो हसला. मला हसू येईना. आपलीही गत अशीच होणार असं वाटून गेलं.

कारकुनाच्या तोंडात पानाचा तोबरा. म्हणजे मिशी परवडली! यांना काही कळेना, म्हणून मीच उत्तरं द्यायला लागले. तो म्हणाला, "बाई, सैनिक ते आहेत की तुम्ही?"

"त्यांना ऐकू येत असतं तर मी कशाला आले असते?" मी म्हटलं. "मी घरी भाकरी थापत बसले असते."

माणूस वाईट नव्हता. तोबरा थुंकून आला आणि नीट यांच्याकडं तोंड करून बोलला. दोन गोष्टी पाहिजेत म्हणाला. एक, तोफेवर यांच्या बरोबर असलेला साक्षीदार, ज्यानं सांगायचं की कान लढाईतच गेले. दुसरी, शुक्रवारी डॉक्टरांपुढं ते सिद्ध व्हायला हवं. "आणि या वेळी नाही झालं," तो म्हणाला, "तर फाईल बंद. मग मी काही करू शकत नाही."

यांनी बाहेर येऊन एकच नाव घेतलं. दत्तू कांबळे, सांगली. एकाच तोफेवरचे दोघं. कधी पत्र नाही, पण पत्ता तोंडपाठ. मी कंदी पेढे बांधून घेतले आणि आम्ही सांगलीची गाडी पकडली.

कराडचा चहा

कराडला गाडी थांबली आणि हे चहाला उतरले. कंडक्टरनं "चला, चला" केलं, घंटी मारली. हे आपले गाडीकडं पाठ करून बशीत चहा ओततायत! गाडी हलली. मी अशी बोंब मारली की पुढच्या बाकावरचं तान्हं पोर उठलं. ड्रायव्हरनं करकचून ब्रेक लावला, कोणाची तरी गुळाची ढेप माझ्या पायावर आली. हे निवांत बशी रिकामी करून चढले आणि सगळी गाडी आपल्याकडं का बघतेय म्हणून माझ्याकडं बघायला लागले.

"काय झालं गं?"

"काही नाही. चहा बरा होता का?"

"गोड लय हुता," म्हणाले. मी अंगठा चोळत बसले.

कराड सोडलं की डोंगर मागं पडतात आणि ऊस सुरू होतो. ऊस, ऊस, नुसता ऊस. गुऱ्हाळांचा धूर, उकळत्या रसाचा वास. जमीन कशी परातीसारखी सपाट. आमच्याकडं वर बघितलं की डोंगर असतो, नजर टेकवायला काहीतरी असतं. इथं नजर जाते ती जातच राहते. मला तर दोन तासांत घरच्या डोंगराची आठवण यायला लागली. हे पंजाबात एवढी वर्षं सपाटीवर कसे राहिले असतील, हे तेव्हा पहिल्यांदा माझ्या मनात आलं.

सांगली

सांगलीचा वास स्टँडवर उतरल्या उतरल्या नाकात जातो. हळद आणि गूळ. बाजारातल्या हमालांचे हात पिवळे, धोतरं पिवळी, बैलांची शिंगंसुद्धा पिवळी. आमच्याकडं हळद लागते ती लग्नात, चिमूटभर. इथं अख्खं गावच हळदीला बसलेलं!

पत्ता विचारत विचारत एका अडत दुकानापाशी आलो. आतून एक काळासावळा, भक्कम माणूस पोतं उतरवून वळला आणि तसाच थांबला. मग यांना पलटणीत गावावरून पडलेल्या नावानं ओरडला, "मेढेकर! आरं गड्या, जित्ता हायस व्हय!" आणि यांना कडकडून मिठी मारली. मिठी सुटली तेव्हा यांचा पांढरा सदरा पुढून मागून पिवळा झाला होता. यांच्या डोळ्यांत पाणी होतं. यांना असं कोणी जवळ घेतलेलं मी कधी पाहिलं नव्हतं.

दत्तूभावजी हळदीच्या पेवांवर मुकादम होते. त्यांनी आम्हाला घरी नेलं. दोन खोल्या, लखलखीत सारवलेल्या, भिंतीवर बुद्धाची तसबीर. त्यांची बायको सुमन सीमेकडची, बोलण्यात कानडी हेल. तिनं ज्वारीची भाकरी केली, आमच्या नाचणीच्या दुप्पट मोठी आणि पापुद्र्यासारखी पातळ. बरोबर भरलं वांगं, शेंगदाण्याची चटणी, आणि नंतर मूठभर भडंग. ताट वाढून ती दारात उभी राहिली आणि हळूच म्हणाली, "आक्का, आमच्यात जेवायला चालतंय न्हवं तुमास्नी?"

आमच्या आळीतली बाई असल्या घरी पाणी पीत नाही, हे तिलाही ठाऊक आणि मलाही. इकडं हे आणि भावजी एकाच ताटात जेवायलासुद्धा लागले होते, फौजेतल्या लंगरात बसल्यासारखे. मी म्हटलं, "चालायचं काय त्यात? सकाळपासून उपाशी आहे बाई, वाढ." आणि दोन भाकऱ्या खाल्ल्या. आळीतल्या बायकांनी हे वाचून तोंडं वाकडी करायची असतील तर खुशाल करावीत. वांगं फार छान झालं होतं.

जेवताना हे दोघं बोलत होते. कोण कुठं असतो, कोण गेला, कोणाला मुलगा झाला. भावजींना मिशी नाही, त्यामुळं यांचं एकही उत्तर चुकत नव्हतं. भावजी मला म्हणाले, "वैनी, ह्याला तर चांगलं ऐकू येतंय की. मला वाटलं, माझ्यागत एक कान गेला आसंल." मी म्हटलं, "उद्या बघा."

हरिपूरची पेवं

दुसऱ्या दिवशी भावजींनी आम्हाला हरिपूरला नेलं, सुमनही आली. कृष्णाकाठच्या त्या गावात जमिनीच्या पोटात हळद साठवतात. विहिरीसारखा खोल खड्डा, आत पाचट लावलेलं, आणि तोंड एवढंच की एक माणूस कसाबसा उतरेल. त्याला पेव म्हणतात. पेव उघडलं की लगेच कोणी आत जात नाही. आधी दोरीनं कंदील सोडतात. कंदील विझला तर आतली हवा वाईट, थांबायचं. जळत राहिला तर माणूस उतरतो. आमच्याकडं धान्याच्या कणग्या असतात, फार तर उंदीर निघतो.

हे वाकून आत बघत होते. खालून हमालानं पोतं बांधलं आणि ओरडला, "सरकाऽ बाजूला!" सगळे सरकले. हे तसेच. भावजीही ओरडले, "मेढेकर, हट!" हे पेवातल्या अंधाराकडं बघतच राहिले. अंधारात ओठ कुठले दिसायला! पोतं झोका घेत वर आलं आणि यांच्या खांद्यावर आदळलं. हे कोलमडले, आणखी वीतभर पुढं असते तर सरळ आत. भावजींनी कमरेला विळखा घालून मागं ओढलं.

मग भावजींनी यांच्या खांद्यावरची हळद झटकली. "वैनी," ते म्हणाले, "ह्याचं समदंच गेलंय की वो."

नदीकाठी वडाखाली बसलो. हे पाण्यात पाय सोडून खांदा चोळत लांब बसले होते, आमच्याकडं पाठ करून. म्हणून भावजी मोकळं बोलले.

"तोफ उडताना आमी कानात कापूस कोंबायचो. पर ह्याच्याकडं आडर घ्यायचं काम हुतं. किती लांब, कुटं मारायचं, ते मागनं वरडून सांगत्यात. कापूस घातला तर आडर चुकायची, आन गोळा आपल्याच पोरांवर पडायचा. म्हणून हा कापूस काढून टाकायचा. आमी म्हणायचो, आरं एका कानात तरी ठेव. न्हाई म्हंजी न्हाई."

ऐकण्यासाठीच कान गेले होते, आणि मला चार वर्षांत याची गंधवार्ता नाही.

"मग सुटताना 'तक्रार नाही' का म्हणाले?" मी विचारलं. "का खोटं बोलले?"

भावजी पाण्याकडं बघायला लागले. "तकरार सांगितली की दवाखान्यात ठेवून घ्यायचे. दोन म्हैनं, चार म्हैनं, कुणास ठावं. आदीच ह्याची दोन वरसाची सुट्टी बुडाली हुती. सायबानं इचारलं, 'कोई तकलीफ?' ह्यानं त्याच्या तोंडाकडं बघितलं आन छाती काडून 'नहीं साब!' मी शेजारीच हुतो. भाईर आल्यावर म्हनलं, का रं येड्या? तर म्हनला, दत्तू, कान काय, मोकळं हुतील, मला घरी जायाचंय. लय दीस झालं, तिचा आवाज ऐकला न्हाई."

मी उठले आणि पाण्यापाशी जाऊन तोंड धुतलं. तिथं हे बसलेले. माझ्याकडं बघून म्हणाले, "काय झालं? डोळ्यात काय गेलं?"

"हळद," मी म्हटलं.

चार वर्षं मी या माणसावर चिडत होते! माझा आवाज ऐकायचा म्हणून घाईनं आला, आणि येऊन काय ऐकलं? मला कृष्णेत उभं राहून हंबरडा फोडावासा वाटला. पण सुमन सोबत होती आणि घाटावर धुणंवाल्या बायका होत्या, म्हणून गप्प बसले.

संध्याकाळी भावजींनी यांना शिकवायला घेतलं. "हे बग, डाक्तर बोलंल तवा त्येच्या तोंडाकडं बघू नगंस. बुटाकडं बग."

"सायेब बोलतोय आन मी बुटाकडं बघू?" हे चिडले. "क्वार्टर गार्डात कोंडंल की!"

"आरं, आता कुटला क्वार्टर गार्ड! सुटून चार वर्सं झाली तुला."

"सुटलो म्हणून काय शिस्त सोडायची?"

मी आणि सुमननं कपाळावर हात मारला. पण निजायच्या आधी यांनी कबूल केलं, बुटाकडं बघीन.

पुन्हा सातारा

भावजी काम बुडवून आमच्याबरोबर आले. वाटेत मी मनातल्या मनात देवाला एकच मागत होते, डॉक्टरला मिशी असू दे. चांगली झुबकेदार, ओठ झाकणारी.

डॉक्टर निघाले गुळगुळीत. नाकाखाली केसाचा मागमूस नाही, आणि एकेक शब्द असा स्वच्छ, तोंड उघडून बोलायचे की मलाही त्यांचे ओठ वाचता आले असते. बोलण्यावरून आपल्या वाईकडचेच वाटले. मोठा हॉल, भिंतीशी बाकांवर सगळे सैनिक बसलेले, तो पिंपळाच्या पाराचा म्हाताराही होता. मधे टेबल. पडदा नाही, आडोसा नाही.

आधी भावजींनी साक्ष दिली. कापसाचं सगळं सांगितलं. डॉक्टरांनी मान हलवली आणि यांना पुढं बोलावलं. हे ताडकन सावधानमध्ये उभे राहिले. सुरुवातीला नजर खाली, बुटांवर. डॉक्टर म्हणाले, "नजर वर करा, जवान." यांना ते ऐकूच आलं नाही. पण डॉक्टरांनी हनुवटीला बोट लावून मान वर केली आणि संपलं सगळं!

"पंचवीस," डॉक्टर म्हणाले.

"पंचवीस, साब!"

"घोडा."

"घोडा, साब!"

"आज शुक्रवार आहे."

"जी साब! शुक्रवार!"

बोलताना चेहऱ्यावर असा अभिमान, जणू परेडला पहिला नंबर आलाय. भावजींनी डोळे मिटून घेतले. डॉक्टरांनी पेनाचं टोपण काढलं.

मी उठलेच. "साहेब, लिहू नका. ते ऐकत नाहीत, बघतात. तुमच्या तोंडाकडं बघून सांगतात. पाठ करून उभं करा त्यांना."

यांनी माझे ओठ बघितले. मला अशी नजर दिली की मी ती जन्मात विसरणार नाही. चारचौघांत मी त्यांना बहिरं म्हटलं होतं. डॉक्टरांनी खूण केली आणि हे भिंतीकडं तोंड करून उभे राहिले. समोर डोळे तपासायचा तक्ता टांगला होता.

डॉक्टर मागून बोलले. उत्तर नाही. मोठ्यानं बोलले. उत्तर नाही. माझ्याकडं वळून म्हणाले, "बाई, असं पाठ करून गप्प उभे राहणारे मला रोज भेटतात. पेन्शनीसाठी कोणीही गप्प राहील." आणि त्यांनी टेबलावरचं लोखंडी भांडं उचलून फरशीवर आपटलं. हे झटकन वळले.

"बघा!" डॉक्टर म्हणाले.

"सायेब, जमीन हादरली," भावजी काकुळतीला आले. "तोफंवाला हाय त्यो. त्येच्या पायास्नी कळतंय."

डॉक्टरांनी भांडं उचलून टेबलावर ठेवलं. यांना परत भिंतीकडं वळवलं. मग मला विचारलं, "बाई, तुम्ही कुठल्या?"

"मेढ्याच्या."

"नवऱ्याचं नाव घेता?"

"अगं बाई! नाही हो."

"कधीच नाही?"

"उखाण्यात. लग्नात."

"मग आता घ्या. पाठीमागून हाक मारा. नुसतं नाव, एकेरी. आपल्याकडच्या गड्याला बायकोनं असं हाकारलं, तर त्याला मान सरळ ठेवता यायची नाही. कितीही नाटकी असला तरी. मी त्याची मान बघतो, तुम्ही हाक मारा."

हॉलमधले सगळे माझ्याकडं बघत होते. मी पदर डोक्यावरून ओढला. पहिल्यांदा कसंबसं पुटपुटले. डॉक्टर म्हणाले, "मोठ्यानं." मग बालवाडीच्या पोरांना हाक मारते तशी मारली. नाव खणखणीत हॉलभर गेलं. बाकांवरच्या सगळ्या माना एकदम वळल्या. म्हाताऱ्याच्या हातातली काठी पडली. दारातला शिपाई आत आला.

हे तक्त्यावरची अक्षरं वाचत होते. वरून खाली, मन लावून. मान तसूभर हलली नाही.

तिसऱ्यांदा हाक मारायला मला कोणी सांगितलं नव्हतं. ती मी मारली. मोठ्यानं नाही. सुट्टीतल्या रात्री दिवा मालवल्यावर मारावीशी वाटायची आणि लाजेनं मारली नाही, ती हाक. त्यांच्या मानेपासून हातभर अंतरावर उभी राहून मारली. मानेवर हळदीचा डाग अजून होता. आणि मग मला रडू आवरलं नाही.

बाकांवरचे सगळे सैनिक खाली बघत होते. डॉक्टरांनी भराभर लिहिलं. म्हणाले, "माझ्याकडून झालं. वर जायला वेळ लागेल." मी यंत्राचं विचारलं. ते म्हणाले, "मिळेल. पण बाई, त्यानं यांना किती ऐकू येईल, याचा शब्द मी देत नाही."

स्टँडवर

भावजींना सांगलीच्या गाडीत बसवून आम्ही मेढ्याच्या गाडीची वाट बघत बाकावर बसलो. हे माझ्याकडं बघतच नव्हते. मी गुडघ्याला हात लावला, तेव्हा वळले.

"मला भिताडाकडं उभं करून काय केलंस?" म्हणाले. "मी वळलो तवा तू रडत हुतीस. आन ती समदी माणसं माज्याकडं अशी काय बघत हुती?"

"काम झालं. डॉक्टरनं लिहिलं."

"ते न्हाई इचारत. काय केलंस?"

मी सांगितलं, "हाक मारली."

"काय म्हणून?"

मी पदराचं टोक दातात धरलं. यांनी माझ्या तोंडाकडं नीट बघितलं. मग हळूहळू त्यांना उमजलं, आणि कानाच्या पाळ्या लाल झाल्या, नव्या नवरदेवासारख्या.

"नाव घेतलंस? माजं? समद्यांसमोर?"

मी मान हलवली. वाटलं, आता चिडणार. यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. मग म्हणाले, "समद्यांनी ऐकलं. मीच तेवढा ऱ्हायलो." आणि माझ्याकडं सगळं अंग वळवून बसले, पार समोरासमोर. "पुन्हा घे की. हितं. म्होरं बसून."

स्टँडवर ही गर्दी. शेजारी टोपल्यांवाल्या बायका, पलीकडं आमच्याच गावचा एक जण. मी इकडं तिकडं बघितलं. आणि मग लक्षात आलं, आवाज काढायची गरजच नाही. पदर जरा आडवा धरला आणि नुसते ओठ हलवले. सावकाश, एकेक अक्षर. शेजारच्या बाईलाही पत्ता लागला नाही.

यांचे ओठ माझ्याबरोबर हलले. नाव पुरं झालं तसे हे हसले, वेण्णेकडं बघून हसतात तसे.

"आनी एकदा," म्हणाले.

मी आणखी एकदा घेतलं. मग आणखी एकदा.

यंत्र अजून आलेलं नाही, कागद कुठं अडलाय कोणास ठाऊक. आणि त्या दिवशी आम्ही घरी शेवटच्या गाडीनं आलो, म्हणून सासूबाई रागावल्या. मेढ्याची आधीची गाडी लागल्याचं कंट्रोलर भोंग्यावरून दोनदा ओरडला होता म्हणे. आम्हा दोघांनाही ऐकू आलं नाही.